गुप्त पुळणीचे शोधक

या गृहस्थांना तुम्ही ओळखता. मूळचे रत्नागिरीकडचे, बरीच वर्षं जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये. उन्हाळ्यात भारतातून आई आल्या, मेहुणे आले, की सगळा कबिला घेऊन ते भूमध्य समुद्रावर जातात. इथवर कुणाची तक्रार नाही. पण तिथे पोचल्यावर समोर दिसणारा समुद्र त्यांना चालत नाही. त्यांना वेगळा लागतो. ज्याची पाटी नाही, जिथे माणूस नाही आणि शक्यतो जिथे जायला वाटही नाही, असा.

इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात, त्रोपेआ नावाचं गाव आहे. समुद्रालगतच्या सरळसोट कड्यावर घरं इतकी कडेला आलेली, की दोरीवरचा टॉवेल सुटला तर खाली पुळणीवर पडलेल्या माणसाच्या अंगावरच यावा. पूर्वी चाच्यांच्या भीतीने किनाऱ्यावरची माणसं उंचावर राहायची. आता त्याच उंचीवरच्या खोल्या भाड्याने देतात. २०२१ मध्ये इटलीच्या सरकारी दूरदर्शनच्या स्पर्धेत त्रोपेआ देशातलं सर्वांत सुंदर गाव ठरलं. गृहस्थांच्या मते गावाचा घात झाला तो इथेच. बक्षीस मिळालेल्या गावात शोधायला काय उरतं?

गावातला मुख्य रस्ता कड्याच्या टोकाशी एका सज्जात संपतो. सज्जाला राफ व्हालोने या नटाचं नाव आहे. तो १९१६ साली इथेच जन्मला आणि सिनेमात येण्याआधी फुटबॉल खेळायचा. सज्जातून खाली पाहिलं की ला रोतोंदाची पुळण, हिरवंनिळं पाणी, आणि शेजारी एका सुट्या खडकावर सांता मारिया देल इझोलाचं चर्च. आईंनी आपसूक हात जोडले.

"देऊळ आहे, समुद्र आहे, उतरायला पायऱ्या आहेत. गणपतीपुळ्याला तरी आणखी काय असतं? इथेच बसू या."

"आई, हा टुरिस्टांचा बीच आहे."

"मग आपण कोण आहोत?"

या प्रश्नाचं उत्तर गृहस्थांकडे नसतं. अशा वेळी ते मोबाइल काढतात.

मोबाइलमध्ये त्यांची खरी इस्टेट आहे. निकोतेरापासून पिझ्झोपर्यंतच्या या पट्ट्याला इटालियन लोक 'देवांचा किनारा' म्हणतात. जर्मनीतल्या हिवाळ्यात रात्र रात्र जागून गृहस्थांनी त्याचे उपग्रहावरून घेतलेले फोटो चाळलेले असतात. दोन काळ्या खडकांमध्ये पांढरा ठिपका दिसला की ती पुळण. ठिपक्याकडे जाणारी रेघ दिसली नाही, की ती उत्तम पुळण. 'अनटच्ड', 'हिडन जेम' आणि 'फक्त लोकल लोकांना माहीत' हे त्यांचे तीन मंत्र. फक्त लोकल लोकांना माहीत असलेली गोष्ट आपल्याला कशी कळली, या खोलात ते जात नाहीत.

रत्नागिरीचं रक्त असल्यामुळे समुद्र आपल्याला कळतो, अशीही त्यांची ठाम समजूत आहे. पुळणीवरच्या जीवरक्षकाला ते हातवारे करून पहिला प्रश्न विचारतात तो ओहोटी कधी, हा. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी कोंडलेला. महासागराशी त्याचा संबंध जिब्राल्टरच्या जेमतेम १४ किलोमीटर रुंद सामुद्रधुनीतून. त्यामुळे इथे पाणी वीत-दीड वीत चढतं आणि तेवढंच उतरतं. "ओहोटीला त्या खडकाच्या पलीकडे चालत जाऊ," म्हणून गृहस्थ घड्याळ लावून बसतात. पाणी जागचं हलत नाही. त्यांचा समुद्राच्या बाबतीतला अधिकार मात्र चढाच असतो.

तसाच कायद्याच्या बाबतीतला. इटलीत किनारा सरकारी मालकीचा. छत्र्या आणि आरामखुर्च्या मांडणाऱ्या 'लीदो'वाल्यांकडे फक्त ठेका. पाण्यापर्यंत जायला ते कुणाला अडवू शकत नाहीत. हे गृहस्थांना कलमांसकट पाठ आहे. "समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे?" म्हणत ते छत्रीचे पैसे वाचवतात आणि पाण्याच्या अगदी काठावर चादर अंथरतात. काठाची ती पट्टी येण्याजाण्यासाठी आणि बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी मोकळी ठेवायची असते. जीवरक्षक शिट्टी वाजवतो, चादर गुंडाळली जाते. "कमर्शिअल झालाय हा बीच," असा निकाल देऊन ते निघतात.

जेवणातही तोच बाणा. 'लोकल' खायचं. त्रोपेआचं लोकल म्हणजे कांदा. लाल, गोडसर, भौगोलिक मानांकन मिळालेला. दुकानादुकानाबाहेर त्याच्या माळा लटकलेल्या. पिझ्झ्यावर कांदा, मुरांब्यात कांदा, आइस्क्रीममध्येही कांदाच. आणि आईंचा चातुर्मास. गृहस्थ डोळे मिटून कांद्याचं आइस्क्रीम चाखतात आणि त्यातल्या 'नोट्स' सांगतात. आई लिंबाच्या सरबतावर बसतात आणि एवढंच म्हणतात, "कार्तिकीनंतर आणलं असतंस, तर यांना भजी करून दाखवली असती."

मोहिमेसाठी गृहस्थांनी निवडलेला दिवस १५ ऑगस्ट. आपला स्वातंत्र्यदिन तो इटलीचा 'फेर्रागोस्तो'. या दिवशी अख्खा देश कामधंदा बंद करून समुद्रावर जातो. नेमकं हेच त्यांच्या पाहण्यात आलेलं नसतं. त्रोपेआच्या नैर्ऋत्येला कापो वातिकानो नावाचं ग्रॅनाइटचं भूशिर आहे. खडकाच्या फटी लाटांनी कोरत नेल्या, त्यांतून लहान लहान पुळणी तयार झाल्या. रेती जाडसर, झिजलेल्या ग्रॅनाइटची, आणि म्हणून पाणी काचेसारखं स्वच्छ. ग्रोत्तिचेल्लेच्या पुळणीला रस्ता आहे, गाडीतळ आहे, सावली आहे. गृहस्थ तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना प्राया इ फोकू हवी. कड्याखाली, खडकांच्या कुशीत. शहाणी माणसं तिथे बोटीने जातात.

"बोटीने काय कुणीही जाईल," गृहस्थ म्हणतात.

वाट म्हणजे फड्या निवडुंगातून खाली गेलेली घसरण. पुढे गृहस्थ, मागे दोन मुलं, त्यांच्या मागे कलिंगड घेतलेले मेहुणे. वहिनी आईंना घेऊन वर झाडाखाली थांबतात. लग्नाला पुरेशी वर्षं झाल्याची ही खूण. "अहो, पाण्याची बाटली!" असं त्या ओरडतात तोवर गृहस्थ वळणाआड गेलेले असतात.

खाली पोचल्यावर त्यांना काय दिसतं? छत्री. छत्रीखाली खुर्चीत एक इटालियन आजी, भोवती तीन पिढ्या, डब्यात पास्ता, आणि खडकाच्या खाचेत पाण्यात गार करायला ठेवलेलं कलिंगड. नातवाने सगळ्यांना सकाळीच मचव्यातून आणून सोडलेलं. पलीकडे पर्यटकांची एक बोट, तिच्यावर गाणी लावलेली. तिच्या मागे दुसरी. मुलं पाण्याकडे धावली तेव्हा आजींनी तर्जनी उगारून त्यांना थांबवलं आणि पोटावर हात फिरवून विचारलं, जेवलात का? जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचं नाही, हे इटालियन आज्यांचं ब्रह्मवाक्य आहे. वर झाडाखाली बसलेल्या आजींचंही मत वेगळं नसतं.

कुणालाही वाटेल, आता तरी गृहस्थ हिरमुसतील. छे! ते मेहुण्यांच्या कानाशी लागतात, "बघितलंत? सगळे लोकल!"

चढताना कळतं की उतरण सोपी होती. गाडी सापडेपर्यंत संध्याकाळ होते. त्याच वेळी त्रोपेआच्या सज्जात माणसं ओळीने उभी असतात आणि दूर समुद्रातल्या स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीच्या बाजूला सूर्य बुडत असतो. तो देखावा गृहस्थ नंतर एका पोस्टकार्डावर पाहतात.

रात्री मात्र ते खरे सुखी होतात. पायाला काटे, पाठीला फोड, आणि हातात मोबाइल. प्राया इ फोकूचे फोटो महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात, ठिकाणाच्या खुणेसकट, आणि खाली ताकीद: "कुणाला सांगू नका." पुढच्या ऑगस्टमध्ये तिथे 'काय रे, तू पण?' असं मराठीत ऐकू येतं. मग गृहस्थ तिला 'बिघडली' म्हणतात आणि नवा ठिपका शोधायला घेतात.

त्यांना हसू नये. पुळण हे निमित्त. त्यांना हवी असते सांगायला एक गोष्ट, आणि आरामखुर्चीत पडून राहणाऱ्याला गोष्ट मिळत नाही. एवढं मात्र त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की जी पुळण रिकामी असते, तिला रिकामं राहायला काहीतरी कारण असतं. बहुधा सावली नसते, पाणी नसतं, आणि परतीची वाट तर नसतेच.

तुमच्या घरी असे गृहस्थ असतील तर त्यांना अडवू नका. उन्हाळ्यात त्रोपेआच्या बंदरातून या पुळणींकडे बोटी सुटतात. तिकिटं आधी काढा, आईंना सावलीच्या बाजूला बसवा आणि गृहस्थांना कड्यावरून येऊ द्या. ते वरून हात करतील तेव्हा तुम्हीही हात करा. फक्त, आपण आधी पोचलो, हे त्यांना सांगू नका.