हबारी, डोंबिवली!

आमच्या सोसायटीत तीन प्रकारचे लोक राहतात: सकाळची फास्ट पकडणारे, ती चुकवणारे आणि नैरोबीकर. नैरोबीकर वर्षातून चारच आठवडे इथे असतात; पण मेंटेनन्स बारा महिन्यांचा भरतात आणि बोलतात चोवीस महिन्यांचं.

मूळचे हे एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातले केमिस्ट. गेली अकरा वर्षं नैरोबीत तोच रंग ढवळतात. मात्र रिक्षातून पाय खाली टेकायच्या आत "हबारी!" अशी आरोळी येते. वॉचमन दचकतो. "अरे, हबारी म्हणजे आपली खबरच. काय खबर?" वॉचमनकडे खबर एकच असते: पाणी गेलंय.

त्यांच्या मते स्वाहिली ही मराठीची मावसबहीण. पैशाला पेसा, विम्याला बिमा, चहाला चाय. घोटाळा फक्त नात्यांत. तिकडे काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. पहिल्याच आठवड्यात यांनी ऑफिसच्या ड्रायव्हरला डोंबिवलीच्या रिवाजाने "दादा" अशी हाक मारली. तो सहा फुटी गडी दिवसभर गप्प होता म्हणे.

वेळेचं तर विचारूच नका. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. त्यामुळे "दोनला येतो" असं सांगून नैरोबीकर सकाळी आठला बेल वाजवतात आणि आपण टॉवेलवर दार उघडतो.

शेजारची पोरं दरवर्षी तोच प्रश्न विचारतात, "काका, तिकडे रस्त्यात सिंह फिरतात?" ते शांतपणे म्हणतात, "नैरोबीला खेटून अभयारण्य आहे. पण आमचे सिंह बहुतेक वेळा कुंपणात राहतात. तुमच्या ठाण्याचे बिबटे सोसायटीत येतात."

तिकडची शिस्त ते इकडे लावू पाहतात. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून फडके रोडवर ते कापडी पिशवी तलवारीसारखी उपसून फिरतात. भाजीवाल्याने क्यूआर दाखवला की सुरू, "यात नवल काय? तिथे 2007 पासून एम-पेसा आहे. साधा बटणांचा फोनसुद्धा चालतो." भाजीवाला म्हणतो, "काका, मागे लाइन लागली." काका म्हणजे भाऊ हे आठवून ते खूश होतात आणि पुढे सरकतात.

आणि तिकडे? तिकडे ते कट्टर डोंबिवलीकर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकाच्या कळ्या मोजतात, पुणेकरांशी वाद घालतात, गोडा मसाला सोन्यासारखा जपून वापरतात. रात्री आठला बहिणीला फोन करतात. इथे साडेदहा वाजलेले असतात आणि ती झोपेत "हो, हो" म्हणते. नैरोबी साडेपाच हजार फुटांहून उंच, पंख्याचीही गरज नाही. इथे आले की घाम पुसत पुसत त्या हवेचं कौतुक सांगतात.

रेल्वेवर तर त्यांचा हक्कच. "1896 ते 1901 मध्ये मोम्बासापासून रूळ टाकले ते आपल्या तीस हजारांवर माणसांनी."

"पण ती बहुतेक पंजाबातली होती ना?" भाचा.

"पंजाब काय परदेश आहे? आणि रेल्वेचं आपल्याला कोण शिकवणार? 1853 साली पहिली गाडी आली ती ठाण्याला!"

एकदा मात्र गच्चीवर हळूच म्हणाले, "तिथे ऑफिसची गाडी आहे, ड्रायव्हर आहे. अकरा वर्षांत कुणाचं कोपर लागलं नाही रे."

परवा भाच्याला सोडायला म्हणून सकाळी स्टेशनवर गेले. प्लॅटफॉर्म तिकीट काढून. फास्ट आली, मागून लोंढा आला आणि भाचा राहिला बाहेर, मामा गेले आत. अर्ध्या तासाने ठाण्याहून फोन. एक चप्पल गेली होती, शर्टाची दोन बटणं गेली होती, टीसीने धरलं होतं. आवाज मात्र पहिल्या पगाराच्या दिवशी असावा तसा. "अरे, अजून जमतं!"

मागून टीसीचा आवाज ऐकू आला, "कुठून आलात?"

रजेचा अठ्ठाविसावा दिवस होता तो. नैरोबी हा शब्द पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात आला नाही.

"डोंबिवली," मामा म्हणाले आणि दंड भरला.