तक्रारींची पिशवी हरवल्याची तक्रार

निवृत्त माणसाने बैठकीत तोंड उघडू नये. ओळखीच्या एका संस्थेने पोलीस तक्रार प्राधिकरणाच्या कायद्यावर लोकांची मतं मागवली होती आणि भरून आलेल्या फॉर्मचं करायचं काय, यावर खल चालला होता. "त्यात काय एवढं? होय किती, नाही किती, मोजायचं," मी म्हणालो. चहा यायच्या आत गठ्ठा माझ्या मांडीवर होता.

विषय मला पाठ होता. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह 1996 साली सुप्रीम कोर्टात गेले. 22 सप्टेंबर 2006 रोजी कोर्टाने सात निर्देश दिले. त्यातला एक असा की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण हवं. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियम दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी विभाग धरला. म्हणजे गडचिरोलीच्या माणसाने गाऱ्हाणं घेऊन नागपूर गाठायचं. हे सगळं मी त्या बैठकीत ऐकवलं होतं, कोणी विचारलं नसताना.

प्रश्नावलीही मीच लिहिलेली. पहिला प्रश्न: 'प्राधिकरण जिल्हा पातळीवर असावे व त्यात सेवेतील पोलीस अधिकारी नसावेत, असे आपणास वाटते काय? होय / नाही.' एका वाक्यात दोन प्रश्न कोंबल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. लोकांनी दोन्हींवर खुणा केल्या. एका आजोबांनी 'होय'वर बरोबरची खूण करून खाली लिहिलं, 'नाही.' बाकीच्यांनी प्रश्नाच्या वाटेला न जाता समासात आपली कहाणी मांडली.

मी एक्सेलमध्ये कायद्यातलेच रकाने पाडले: कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन बळकावणं. शेवटी शिस्त म्हणून 'इतर'. लोक मात्र लिहीत होते: 'साहेब राउंडला गेलेत, नंतर या म्हणाले.' 'हद्द आमची नाही म्हणाले.' 'एफआयआर मागितला तर साध्या अर्जावर शिक्का मारून दिला.' दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने ललिताकुमारी खटल्यात 2013 सालीच बजावलंय. माझ्या रकान्यांना त्याचा पत्ता नव्हता. 'इतर' फुगत चालला आणि वरचे रकाने जवळजवळ कोरे. त्यावरून 'एकंदर परिस्थिती समाधानकारक' असं वाक्यही मी लिहून ठेवलं होतं. बँकेतल्या ऑडिटची सवय, दुसरं काय!

उरलेले फॉर्म दाखवायला संस्थेत निघालो आणि पिशवी रिक्षात राहिली.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी हरवल्याची तक्रार कुठे करायची? पोलीस ठाण्यातच.

ठाणे अंमलदारांनी मान वर न करता विचारलं, "काय होतं पिशवीत?"

"कागद."

"कसले?"

"सर्वेक्षणाचे."

"कसलं सर्वेक्षण?"

"सामाजिक."

"रिक्षात बसलात कुठं? उतरलात कुठं? मग हद्द आमची नाही, काका."

सवयीने माझा हात खिशातल्या डायरीकडे गेला आणि मी 'हद्द'खाली एक उभी रेघ मारली. त्यांना वाटलं मी त्यांच्या नेमप्लेटवरचं नाव उतरवून घेतोय. लगेच खुर्ची आली. चहाही आला. त्या रेघेचं खरं कारण सांगायचा प्रामाणिकपणा चहा संपेपर्यंत माझ्या अंगी आला नाही.

तेवढ्यात आतून एक हवालदार आले. त्यांच्या हातात माझी पिशवी. रिक्षावाल्याने वरच्या कागदावर 'पोलीस तक्रार' वाचलं आणि ठाण्याचाच माल समजून सकाळीच इथे आणून टाकली होती. नाव-पत्त्याची पानं संस्थेने आधीच काढून घेतली होती. तेवढी अक्कल तिथे कुणाला तरी होती. ती मला नव्हती, हे पिशवी बघताक्षणी सुटलेल्या घामाने सिद्ध झालं.

"सगळे वाचले," हवालदार म्हणाले. "सुतळीने वेगळे बांधून चिठ्ठ्या लावल्यात. हे ट्रॅफिकचे. हे महापालिकेचे, पाणी न् कचरा. हे शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे. ह्यांना नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला पाहिजे होतं. आणि हे खरे."

'खरे' असलेला गठ्ठा माझ्या अंदाजापेक्षा बराच जाड होता. त्यातला वरचा फॉर्म त्यांनी बोटाने जरा सरकवला. "हा आमच्याच ठाण्याचा वाटतोय," म्हणाले आणि अंमलदारांकडे बघायचं टाळलं.

माझ्या एक्सेलला न जमलेलं काम या माणसाने नाइट ड्युटीवरून घरी जायच्या आधी सुतळीने केलं होतं.

घरी येऊन गठ्ठे सोडले तर तळाशी नवा भरलेला एक फॉर्म. 'तक्रार कोणाविरुद्ध' ही जागा कोरी. खाली बारीक, सरळ अक्षरात: 'साप्ताहिक सुट्टी बंदोबस्तात जाते. पोलीस अधिनियमाच्या कलम 25 खाली आमची वेतनवाढ रोखायला वरिष्ठांना वेळ लागत नाही. आमची तक्रार ऐकणारं प्राधिकरण कोणतं?' सही नव्हती. पण सुतळीखालच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर तेच होतं.

अहवालात मी त्यांचीच वर्गवारी वापरली, 'समाधानकारक' खोडलं. ती वर्गवारी सर्वांना फार आवडली. पद्धत कोणती, असं कुणीतरी विचारलं. 'क्षेत्रीय तज्ज्ञाच्या साहाय्याने' असं मी गंभीरपणे सांगून टाकलं आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. हवालदारांचा फॉर्म मात्र त्यांच्याही कोणत्या गठ्ठ्यात बसेना, म्हणून तो पहिल्या पानावर जसाच्या तसा छापायला लावला.

तेव्हा वाचकहो, कुठल्याही कायद्यावर सूचना आणि हरकती मागवल्या की जरूर लिहा. प्रश्नाचंच उत्तर द्या असा आग्रह नाही, समासही चालेल. फक्त अक्षर जरा बरं काढा. वाचायला माझ्यासारखाच कुणी बसलेला असतो.