सिंह परवडला, शेजारी नको

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत आठवड्यातून एका संध्याकाळी आळीपाळीने प्रार्थनासभा भरते. गीतं होतात, बायबलमधला एखादा भाग वाचला जातो, मग त्यावर कोणीतरी चार शब्द बोलतं आणि ते चार शब्द पाऊण तास चालतात. मागे एका सभेत सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचा विषय निघाला. इ.स. ६४ मध्ये रोम जळालं, नीरोनं त्याचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं आणि त्यांना जिवंत जाळलं. पुढच्या बादशहांनी आखाड्यात श्वापदांपुढे सोडलं. पाळकसाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "उद्या आपल्यावर तशी वेळ आली, तर?" बघता बघता सगळी खोली हुतात्मा व्हायला तयार झाली. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारे आमचे एक मामा सिंहाच्या जबड्यातसुद्धा 'उपासना संगीत'मधलं गीत म्हणणार होते, तेही सगळ्या कडव्यांसकट.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. कोणाची तरी स्कूटर फाटकात आडवी लागली होती आणि तळमजल्यावरच्या गृहस्थांना गाडी बाहेर काढायची होती. हॉर्न पुन्हा वाजला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली. खोलीतला प्रत्येक जण विश्वासासाठी मरायला तयार होता. स्कूटर हलवायला कोणी तयार नव्हतं.

आमची खरी पंचाईत ही आहे की, येशू ख्रिस्तानं सिंहांबद्दल काहीच सांगितलेलं नाही आणि स्कूटरबद्दल मात्र भरपूर सांगून ठेवलंय. मत्तयच्या शुभवर्तमानात पाच ते सात हे तीन अध्याय डोंगरावरच्या प्रवचनाचे. सावकाश वाचले तरी पाव तासात संपतात. इतक्या उंचावर बसून बोलणारा माणूस काहीतरी विश्वाच्या उत्पत्तीवर बोलेल अशी आपली अपेक्षा. पण त्यात आहे काय? भावाला मूर्ख म्हणू नका. कोर्टात पोचण्याआधी वाटेतच तडजोड करा. उसनं मागणाऱ्याला पाठ दाखवू नका. उपास असेल तर सुतकी चेहरा करून हिंडू नका, तोंड धुऊन या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला धावण्याआधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघा. सगळा मामला घरचा, गल्लीतला आणि तहसील कचेरीतला. लूकच्या शुभवर्तमानात तर लग्नाच्या पंगतीत कुठं बसावं हेही सांगितलंय: मानाची जागा धरू नका, शेवटी जाऊन बसा.

ही एक आज्ञा मात्र आमची मंडळी काटेकोर पाळते. रविवारी चर्चमध्ये पुढची बाकं रिकामी आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकासाठी चुरस. इतकी नम्रता जगाच्या पाठीवर दुसरीकडे सापडायची नाही. तीच मंडळी लग्नाच्या जेवणाला गेली की ही आज्ञा लूकनं लिहिली की मार्कनं, याबद्दल एकाएकी गोंधळात पडते आणि तो गोंधळ पहिल्या पंगतीचं ताट समोर येईपर्यंत मिटत नाही.

दानधर्माचीही हीच कथा. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, अशी आज्ञा. आमच्या चर्चमधले पंखे वर मान करून पाहा. प्रत्येक पात्यावर तांबड्या रंगात देणगीदाराचं नाव, कोणाच्या स्मरणार्थ ते, आणि जागा उरली असेल तर गावाचं नावसुद्धा. मला आधी याचा राग यायचा. मग लक्षात आलं की पंखा सुरू झाला की नाव दिसेनासं होतं. म्हणजे वीज असेपर्यंत आज्ञेचं पालन आपोआप होतं. वीज गेली की दाता प्रकट होतो, आणि नेमका मंडळी घामानं डबडबलेली असताना. पुण्याईचा हिशेब देव तिथंच चुकता करतो. पूर्वी दानाची थैली फिरायची तेव्हा दहाची नोट अशी काही घडी घालून टाकता यायची की शेजारच्याला ती पाचशेची वाटावी. आता थैलीबरोबर क्यूआर कोडही आला, आणि मोबाईलचा बोलका डबा भर उपासनेत रक्कम मोठ्यानं जाहीर करायला लागला. चर्चच्या पंचांनी दुसऱ्याच आठवड्यात त्याचा आवाज बंद केला. आवाज बंद झाल्यावर डबा बराच गरीब झाला, असं खजिनदार सांगतात.

कापणीच्या सणाला आमच्याकडे फार रंगत येते. शेतकरी मंडळी पहिल्या पिकातलं काही ना काही देवाला आणतात: बाजरी, भुईमूग, ऊस, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. वेदीपुढे ढीग लागतो. कोंबडी प्रवचनात मधूनमधून आपलं मत देते. उपासना झाली की लिलाव. घेणारा वस्तू परत अर्पण करतो, पुन्हा लिलाव होतो; असं एकच लिंबू हात बदलत बदलत किलोभर मटणाच्या भावाला जाऊन पोचतं. अशाच एका सणाला एका भोपळ्यावर दोन सख्ख्या भावांची बोली लागली. त्यांची बांधावरून कोर्टात केस चालू. एकानं शंभर म्हटलं की दुसरा दोनशे. भोपळा कोणालाच नको होता. तो फक्त दुसऱ्याला मिळायला नको होता. अखेर धाकट्यानं तो विकत घेतला, मंडळीनं टाळ्या वाजवल्या आणि त्या वर्षी चर्चच्या पत्र्याचं काम निघालं.

आता मत्तयच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा अशी आहे: तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. यातली बारीक मेख बघा. तुझ्या मनात काही असेल तर, असं नाही. त्याच्या मनात असेल तर! म्हणजे "माझं काही नाही बुवा, त्याचंच तोंड वाकडं असतं" ही आपली हमखास पळवाट आधीच बंद केलेली. एखाद्या रविवारी आम्ही ही आज्ञा खरोखर पाळली तर काय होईल? वेदीपुढे पिशव्या, पाकिटं आणि ती कोंबडी. बाकी चर्च रिकामं. अर्धी मंडळी एसटी स्टँडवर, कारण बहिणीशी अबोला आहे आणि बहीण श्रीरामपूरला. पंच एकमेकांच्या घरी गेलेले, त्यामुळे कोणीच कोणाला भेटत नाही. पाळकसाहेब तरी आहेत का म्हणून बघावं, तर तेही ऑर्गन वाजवणाऱ्याला शोधायला गेलेले.

दुसरी आज्ञा मैलाची. एक मैल बळजबरीनं नेलं तर दोन मैल जा. ही कोड्यासारखी वाटते, पण तेव्हाच्या लोकांना चांगलीच झोंबली असणार. रोमन शिपाई रस्त्यावरच्या कोणालाही धरून आपलं ओझं वाहायला लावू शकत. शिमोन कुरेनेकराला येशूचा वधस्तंभ वाहायला लावला, तो याच रिवाजानं. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, दीड किलोमीटरला थोडा कमी. पहिला मैल शिपायाचा. पण मैल संपल्यावर ओझं न टाकता माणूस पुढंच चालायला लागला, तर शिपायानं करायचं काय? दुसऱ्या मैलावर हुकूम त्याचा राहत नाही. तो बिचारा आपलंच सामान कुठं चाललंय हे बघत मागून येतो.

आपल्याकडचा पहिला मैलच मुळात पुरा होत नाही. कचेरीत "तीन नंबरच्या खिडकीवर जा" म्हणून बोट दाखवणं हा मैल नव्हे, हातवारा झाला. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरली असताना, अंगठा लावणाऱ्या एका आजींना आत बोलावून, खुर्ची देऊन, त्यांचा अख्खा फॉर्म भरून देणारा कारकून मी पाहिलाय. डबा उघडा होता, भाजीचा वास सुटला होता आणि आजींना नवऱ्याचं नाव घ्यायला लाज वाटत होती. कारकुनानं सरळ कागद पुढं केला, "आजी, नका घेऊ, रेशनकार्डावर आहे." तो ख्रिस्ती होता की नाही हे मला ठाऊक नाही. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शमरोन्याच्या गोष्टीतही जखमी माणसाला बघून याजक पलीकडून गेला, मंदिराचा सेवक लेवी पलीकडून गेला आणि थांबला तो ज्याची सावली नको असा शमरोनी. आम्ही चर्चवाल्यांनी ही गोष्ट वाचताना आपण नक्की कोणत्या पात्रात बसतो हे जरा तपासावं.

क्षमेचं गणित तर थेट पाढ्यांतच दिलंय. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? असं पेत्र या शिष्यानं येशूला विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःचं मोठं कौतुक वाटत असावं. उत्तर आलं, सत्तर गुणिले सात. चारशे नव्वद. आमच्या काकूंनी हा आकडा मनावर घेतला. वरच्या मजल्यावरच्या बाई नेमक्या पापड वाळत घातल्यावर सतरंजी झटकतात. काकू एका पापडावरची धूळ फुंकतात, वर बघतात, ओठ हलवतात आणि आत येऊन 'कालनिर्णय'वर दुधाच्या खाड्यांशेजारी एक रेघ ओढतात. वर्षाचं धान्य भरून ठेवावं तशी त्यांनी क्षमेची बेगमी करून ठेवली आहे. रोज एक धरली तरी सव्वा वर्षाच्या वर पुरते. "आणि चारशे नव्वद झाल्यावर?" मी विचारलं. "मग मी आहे आणि ती आहे," काकू म्हणाल्या. गंमत अशी की मध्येच काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या बाई आठवडाभर वरून डबा घेऊन आल्या आणि रेघा कुठपर्यंत आल्या होत्या याचा काकूंना पत्ता राहिला नाही. आकडा एवढा मोठा का सांगितला असेल, याचं इतकं सोपं उत्तर मी कुठल्या टीकाग्रंथात वाचलेलं नाही. इतकं मोजत बसायला कोणाला जमतच नाही.

पुरुषवर्गाचा सर्वांत लाडका उतारा म्हणजे मार्था आणि मरीया. मार्था स्वयंपाकात राबतेय, मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसलीय; मार्था तक्रार करते आणि येशू मरीयेची बाजू घेतो. नाताळच्या प्रीतिभोजनाला आमचे झाडून सगळे पुरुष मरीया होतात. एकदा पाळकसाहेबांनी नेमका त्याच दिवशी याच उताऱ्यावर संदेश दिला. मागच्या अंगणात दगडांच्या चुलीवर मटणाचं पातेलं, आणि धुरानं डोळे चुरचुरत असलेल्या मावशी. उपासना सुटली तशा त्या हातात पळी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, संदेश छान झाला. फक्त एवढं सांगा, त्या दिवशी मार्थाही येऊन बसली असती, तर प्रभू आणि ते बारा जण जेवले काय असते?"

साहेब हसले. "मावशी, यावर पुढच्या रविवारी बोलू."

"बोला की. पण आज वाढायला या."

साहेबांनी झगा काढून खुंटीला लावला, बाह्या सरसावल्या आणि रस्सा वाढायला घेतला. त्यांचा हात फार सढळ निघाला. मटण शेवटच्या पंगतीला पुरलं नाही.

पंडिता रमाबाईंना हा पेच कधी पडला नसावा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. तिथंच हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर, आणि तिथंच एवढ्या पोटांच्या भाकऱ्या. मरीया आणि मार्था एकाच नऊवारीत. सेवेचा दुसरा धडा पाय धुण्याचा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीत पवित्र गुरुवारी होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीसाठी आमचे वसईचे कॅथलिक स्नेही निवडले गेले, की घरून साबण लावून, टाचा घासून येतात. धुवायला पाय न्यायचे ते धुऊनच. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांनाही बसवायची मुभा दिली. चुलीपाशी दिवसभर उभ्या राहिलेल्या पायांचा नंबर लागायला जवळजवळ दोन हजार वर्षं गेली.

शिष्यत्वाचा खर्च खरोखर कोण भरतं, हे कळायला मराठीत एक पुस्तक पुरेसं आहे: लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्यांच्या पतीनं, नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाला पटल्यावर. टिळकांच्या खिशात पैसा टिकायचा नाही, घरात येणाऱ्याजाणाऱ्यांना तोटा नसायचा, आणि १९१७ साली तर त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. देवावर भरवसा टाकणारा एक, आणि डब्यात पीठ किती आहे हे बघणारी दुसरी. तरी त्या सगळ्या ओढाताणीवर लक्ष्मीबाई अशा हसतात की वाचणारा रडायचं विसरतो. संतांची चरित्रं त्यांच्या बायकांनी लिहावीत, असा नियमच करायला हवा. चरित्रं कमी निघतील, पण खरी निघतील.

तर वाचकहो, तुम्ही ख्रिस्ती असा, नसा, तुमच्या वाट्याला सिंह येण्याची शक्यता नाही. आखाडे बंद पडले, नीरो गेला. तुमच्या वाट्याला येणार ती फाटकातली स्कूटर, वरची सतरंजी आणि बांधापलीकडचा भाऊ. तेव्हा मोबाईल उघडा. बोलणं बंद झालेल्या एखाद्याचा नंबर त्यात अजून असेल; आपण बोलणं बंद करतो, नंबर काढत नाही. फोन लावा. उचलला नाही तर पुन्हा लावा. चारशे नव्वदपर्यंत मुभा आहे.