मुक्काम पोस्ट सेगाव

वर्ध्यातल्या एका बँकेत परवा पासबुक छापून घ्यायला गेलो. छपाईचं यंत्र बंद होतं आणि ते सुरू करणारे साहेब चहाला गेले होते. म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे सुरळीत चाललं होतं. चाळीस मिनिटं ज्या भिंतीला टेकून उभा राहिलो, तिच्यावर गांधीजींचं चित्र होतं आणि खाली त्यांचे बोल. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत मोठा पाहुणा, तो आपल्यावर नव्हे तर आपणच त्याच्यावर अवलंबून, वगैरे.

काउंटरवरच्या ताईंना विचारलं, “गांधीजी हे कुठे म्हणाले हो?”

त्यांनी मान वर न करता सांगितलं, “बोर्डावर.”

गांधीजींचं समग्र वाङ्मय इंग्रजीत शंभर खंडांचं आहे. त्यात हे बोल कुणाला सापडलेले नाहीत. काही ठिकाणी त्यांना पुरावाही चिकटवलेला असतो : दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, १८९०. त्या साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले १८९३ मध्ये. ग्राहकाच्या काळजीपोटी तीन वर्षं आधीच भाषण करून आले असतील तर गोष्ट वेगळी. मूळ शोधणारे मागे मागे गेले तेव्हा हे बोल त्यांना १९४१ मध्ये सापडले, स्टुडबेकर नावाच्या अमेरिकन मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर. मोटारी विकणाऱ्याचं बोलणं आपण चरखा चालवणाऱ्याच्या तोंडी घातलं आणि सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर फ्रेम करून टांगलं.

खरं तर पत्ता चुकला की काय होतं, हे वर्धा जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १९३६ मध्ये गांधीजी इथल्या सेगावात राहायला आले. देशभरातून त्यांना पत्रं येऊ लागली आणि चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला उतरू लागली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक तो काय, एका एचचा! शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. तेव्हा निदान पाठवणारा कोण ते ठाऊक असायचं, पत्र तेवढं भलतीकडे जायचं. आता मोबाइलवर पत्र अचूक येतं, दिवसातून चाळीसदा येतं. पाठवणाऱ्याचा मात्र पत्ताच नसतो.

म्हणून शाळा, वाचनालयं आणि कार्यालयांतून ‘माहिती साक्षरता’ रुजवायची टूम निघाली आहे. शब्द १९७४ चा, अमेरिकेतल्या पॉल झुरकोव्स्कींचा. आज त्याचा अर्थ असा : कुठली माहिती हवी ते ओळखायचं, ती शोधायची, पारखायची आणि मग वापरायची. यातली शेवटची पायरी आमच्याकडे फार पूर्वीपासून पक्की आहे. पहिल्या तीन तेवढ्या राहिल्यात.

शाळेपासून सुरुवात करू. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. पुढे झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला आणि नयी तालीम आली. पोरानं टकळीवर सूत कातायचं आणि त्याच सुताच्या टोकाला धरून गणित, भूगोल, इतिहास शिकायचा. कापूस आला कुठून, तार निघाले किती, भाव काय मिळाला? बोटांनी तपासलेली माहिती होती ती. आता पर्यावरणाचा प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, स्पायरल बाइंडिंगसह. शेजारच्या मुलीनं आणलेला चाळून पाहिला. विषय : माझ्या परिसरातील नदीचे सर्वेक्षण. आत नदी होती पंचगंगा.

“अगं, पंचगंगा कोल्हापूरला. आपली धाम ना, पवनारची?”

“काका, सरांनी वीसपैकी अठरा दिले.”

“मग दोन कशाचे कापले?”

“मुखपृष्ठावर सजावट कमी होती.”

वाचनालयांची गोष्ट वेगळी. तिथे माहिती चुकीची मिळण्याचा धोका नाही, कारण ती मिळतच नाही. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे; अ, ब, क, ड असे वर्ग आहेत; दाखल नोंदवही आहे. मी जातो त्या वाचनालयात संदर्भग्रंथांचं स्वतंत्र कपाटही आहे. त्याची किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव मुलाकडे पुण्याला असतात. “पुस्तकं एकदम सुरक्षित आहेत,” ग्रंथपाल म्हणाले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा आपला पहिला नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवला. त्यांची तसबीर याच कपाटाच्या दारावर लावली आहे आणि दर १२ ऑगस्टला तिला हार घातला जातो. ग्रंथपालांना दोष द्यावा तर त्यांचं मानधन ऐकून आपणच खाली बघतो.

कार्यालयांत मात्र माहिती वाहत असते. मध्यंतरी एका कचेरीतल्या ग्रुपवर ‘शासन निर्णय’ आला : सोमवारी सुट्टी. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी तो कुठल्या संकेतस्थळावर आहे आणि त्याचा संकेतांक काय, हे लिहिलेलं असतं. म्हणजे सरकार स्वतःहून घराचा पत्ता देतं. आपण फक्त जाऊन दार वाजवायचं. या निर्णयाच्या शेवटी ‘सर्वांना पाठवा’ असं होतं आणि जोडलेले दोन हात. शासनानं आजवर एखाद्या निर्णयाखाली हात जोडल्याचं ऐकिवात नाही. पण ज्यांनी आयुष्यभर शासन निर्णय फायलीला लावले, त्यांनाही शंका आली नाही. सोमवारी अर्धी कचेरी रिकामी. मंगळवारी कारणे दाखवा नोटिसा निघाल्या. उत्तरादाखल सगळ्यांनी तोच मेसेज छापून जोडला, ‘आधार’ म्हणून.

इथपर्यंत हसता येतं. देवळीकडच्या एका मित्राची गोष्ट तशी नाही. तो कपाशीचं बियाणं घेतो तेव्हा पक्की पावती मागतो, पिशवीवरचा लॉट नंबर पावतीशी ताडून पाहतो; पिशवी, टॅग आणि चिमूटभर बियाणं पीक निघेपर्यंत घरात जपून ठेवतो. उगवलं नाही तर तक्रार करायला पुरावा हवा, हे कृषी खात्यानं त्याला शिकवलं आणि ते त्याच्या अंगवळणी पडलं. आणि एका जूनमध्ये त्याच माणसाच्या मोबाइलवर आलं : उद्यापासून तीन दिवस मुसळधार. उद्या म्हणजे कुठला उद्या, कुठल्या साली कुणी लिहिलेला, काही नाही. त्यानं पेरलं. पाऊस दडी मारून बसला. दुबार पेरणीची बॅग उधारीवर आणायला निघाला तेव्हा मी विचारलं, लॉट नंबर बघणारा तू, मेसेजवर कसा भुललास?

“बॅगचा टॅग होता ना भाऊ माह्यापाशी,” तो म्हणाला, “पावसाचा कुठून आणू?”

माहिती साक्षरतेवर याहून मोठं भाषण मला येत नाही. प्रत्येक माहितीला टॅग मागायचा : कोणाची, कुठली, कधीची.

या नव्या निश्चयानं मी पुन्हा त्या बँकेत गेलो आणि साहेबांना बोर्डाची सगळी हकिकत ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, “पण याला आधार काय?”

बोर्ड लावताना कुणाला सुचला नव्हता तो प्रश्न. मला आनंदच झाला. मी खिशातून मोबाइल काढला. साहेबांनी मान हलवली : मोबाइलवरचं चालणार नाही, पुस्तक दाखवा.

बरोबरच आहे त्यांचं. शंभर खंड वाचनालयात आहेत, घेऊन येतो, असं सांगून निघालो. किल्ली अजून पुण्यालाच आहे.