कूलरचा हीटर करा, घरच्या घरी

मंडईची जत्रा आटोपली, धान घरात आलं आणि पहाटे वैनगंगेवरून धुकं चढायला लागलं, की भंडाऱ्यातल्या माणसाची नजर खिडकीतल्या कूलरकडे जाते. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तेव्हा अख्खं घर ज्याच्यासमोर ओळीनं झोपलं होतं, तो आता प्लास्टिकचं पोतं पांघरून स्टँडवर उभा असतो. चार महिने राबतो, आठ महिने जागा अडवतो. अशाला कामाला लावणं कुटुंबप्रमुखाचं कर्तव्यच आहे.

शिवाय तुमचा भाचा अमेरिकेत आहेच. तिकडे गाडीतच बिऱ्हाड थाटतात, त्या कॅम्परच्या टपावर एसी असतो. त्या एसीच्या पोटात विजेवर तापणारी पट्टी बसवली की तोच एसी हिवाळ्यात गरम हवा देतो. पट्टी साधारण दीड हजार वॅटची. विकणारेसुद्धा सांगतात की तिनं थंडीची बोच तेवढी मरते, कडाक्यात भागत नाही. त्यात गरम हवा छतालाच चिकटून राहते आणि पाय गारठतात ते गारठतातच. भाच्यानं व्हिडिओ पाठवला तेव्हा यातलं काही कळवलं नाही. तुम्हीही विचारू नका. त्याच्याकडे टप आहे, आपल्याकडे खिडकी आहे. चला.

१. आधी घरच्यांना पटवा. त्यासाठी एक आकडा पाठ करा: २९ डिसेंबर २०१८, नागपूर, साडेतीन अंश. नागपूर इथून साठेक किलोमीटर, म्हणजे ती थंडी आपलीच समजा. तसं दर वर्षी होतं का, असं कोणी विचारलं तर प्यायला पाणी मागा.

२. कूलर उघडा. तिन्ही बाजूंच्या ताट्या काढा. बोअरच्या पाण्यानं त्यांच्यावर पांढरा थर धरला असेल, आत एखादी पाल संसार करत असेल. तिला घाई करू नका, तिला तुमच्यापेक्षा जास्त थंडी वाजते. ताट्या मात्र पुन्हा लावायच्या नाहीत. वुडवूल म्हणजे लाकडाचे केसच, तेही सहा महिने वाळलेले; शेकोटी पेटवायला याहून चांगला माल मिळत नाही. ताट्या वाळ्याच्या असल्या तर पेटल्यावर वास चांगला येईल, एवढाच फरक.

३. कॉइल आणा. शेगडीची दोन हजार वॅटची स्प्रिंग कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. दुकानदार विचारेल, "कशात लावता जी?" खरं सांगू नका. खरं सांगितलं तर तो म्हणेल, "मंग हीटरच काहून नाही घेत, भाऊ?" या प्रश्नाला तज्ज्ञांकडेही उत्तर नाही.

४. पंपाची वायर काढा. हे नवशिके हमखास विसरतात. कूलर गार हवा देतो कारण पाणी उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं. दोन हजार वॅटची कॉइल तासभरात जेवढी उष्णता देते, तेवढी तीन लिटर पाणी एकटं गिळून टाकतं. पंप चालू राहिला तर तुम्ही महागडी वाफ तयार कराल, आणि सकाळी गोधडी पिळावी लागेल.

५. वायरिंग. दोन हजार वॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. तुमचा कूलर आजवर पाच अँपिअरच्या प्लगवर, ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर मोबाइलही चार्ज होतो त्यावर, सुखानं चालला. आता तो बोर्ड आधी मऊ पडेल, मग वास येईल, मग लाइन जाईल. लाइनमनला शिव्या देऊ नका. तो या भानगडीत नाही. पंधरा अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि अर्थिंग एवढं तरी करा. कूलरची बॉडी लोखंडी असते, आणि कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भातल्या पेपरांत दर उन्हाळ्यात येते. ती हिवाळ्यातही यावी, असा तुमचा आग्रह नसेलच.

६. चालू करा. हा सोहळा आहे, शेजाऱ्यांना बोलवा. आधी जळक्या धुळीचा वास येईल, मग वारा सुटेल. तो गार लागेल. घाबरू नका, तो गरमच आहे. फक्त दोन अंशांनी. हिशेब सोपा आहे. बऱ्यापैकी मोठा कूलर तासाला तीन हजार घनमीटर हवा फेकतो, आणि एवढ्या हवेत दोन हजार वॅटची उष्णता वाटली की तिच्या वाट्याला दोनच अंश येतात. ती हवाही घरातली नाही, बाहेरची. अंगणात नऊ अंश असले, तर तुमच्या छातीवर अकरा अंशांचा सोसाट्याचा वारा येईल. वर कूलरचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच: आलेल्या हवेला वाट हवी. म्हणून समोरचं दार उघडं ठेवा.

पंखा हळू करायचा मोह होईल. हळू केला की कॉइल लालबुंद होते आणि पंपाचं प्लास्टिक टाकीत ओघळतं. यावर जाणकारांचा उपाय असा: अख्खा कूलर स्टँडसकट खोलीच्या आत आणा, म्हणजे तो घरातलीच हवा फिरवेल. त्यासाठी पलंग बाहेर काढावा लागतो. पलंग वऱ्हांड्यात जातो, पलंगावर झोपणारेही वऱ्हांड्यात जातात, आणि खोली एकदम उबदार होते.

७. बिलाची काळजी करू नका, ते पुढच्या महिन्यात येतं. रात्रीचे आठ तास म्हणजे सोळा युनिट, पंधरा रात्रींचे दोनशे चाळीस. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा स्वस्त असतो. तो तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओलांडाल. अभिनंदन.

८. अंगणात जाऊ नका. तिथं तुमच्या वडिलांनी तणीस आणि तुराट्यांची शेकोटी पेटवली असेल. आळीतली चार माणसं उकिडवी बसून यंदाचं नाटक कुठल्या कंपनीचं, वडशाहून कोण येणार, यावर बोलत असतील. झाडीपट्टीचा माणूस अशाच थंडीत चादर गुंडाळून तणसावर रात्रभर नाटक बघतो आणि पहाटे कामाला जातो, त्यामुळे त्याच्याकडून तुमच्या कॉइलचं कौतुक होण्याची शक्यता कमी. "झाला का रे तुया हीटर?" असं बाबा विचारतील. "तापतो आहे," म्हणा. वायर बघायच्या निमित्तानं बाहेर गेलात तर हात शेकायला दोनच मिनिटं बसा. नऊ वाजता बसलेला माणूस साडेअकराला उठतो, असा अनुभव आहे.

९. सुधारणा करत राहा. जाळी बदला, कॉइल दोन इंच मागं घ्या, थर्मोस्टॅट मागवा, तो चुकीचा येईल, परत पाठवा. यात जानेवारी जातो. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेला जाऊन या. परत याल तेव्हा सगळं जमलेलं असेल आणि थंडी गेलेली असेल.

१०. आता कॉइल काढा, टाकी घासा, पंपाची वायर जोडा. ताट्या होळीच्या आधीच घेऊन ठेवा, नंतर भाव वाढतात.