खराट्याची वारसनोंद

आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, मागे तीन एकर शेती आणि एक खराटा ठेवला. शेतीची वारसनोंद तलाठी कार्यालयात बरीच वर्षं रखडली. खराट्याची त्याहून जास्त.

आबा मूर्तिजापूरकडचे. तरुणपणी त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं आणि माणूस कामातून गेला, असं आजीचं मत. गाडगेबाबांची रीतच तशी होती. अंगात चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. गावात आले की नमस्कार-चमत्कार नाही, थेट खराटा घेऊन रस्ता झाडायला सुरुवात. लोक आधी हसायचे, मग बघायचे, मग लाजेकाजेस्तव दोघं-चौघं हात लावायचे. रात्री त्याच गावात कीर्तन. श्रोत्यांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यायचे: देवाला बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरं शाळेत घाला. यातलं आबांच्या डोक्यात किती शिरलं कोण जाणे. आत्याचं लग्न त्यांनी कर्ज काढूनच केलं. हातात मात्र खराटा शिरला तो शिरलाच.

पहाटे तुऱ्हाट्यांचा खराटा घेऊन आबा अंगणापासून मारुतीच्या पारापर्यंत झाडत. वडील तेव्हा कॉलेजात. ''आबा, ग्रामपंचायतीकडून पगार तरी मागा,'' असं ते म्हणायचे. आबा वाकल्या वाकल्या सांगायचे, ''आपला केर दुसऱ्याच्या दारात लोटला त घर साफ होत नाई, बापू.'' वडिलांना हे वाक्य तोंडपाठ होतं. ऐकलं मात्र त्यांनी ते कधीच नव्हतं.

उपदेश ज्याला करावा त्याला तो त्या वेळी लागू पडतच नाही. आचरण तर त्याहून त्रासदायक. बोलणाऱ्याला निदान 'पुरे आता' म्हणता येतं. गुपचूप झाडणाऱ्याला काय म्हणणार? आणि हे एकट्या आमच्या घराण्याचं नाही. गाडगेबाबा गेले 20 डिसेंबर 1956 रोजी. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान राज्यात सुरू झालं 2000-01 मध्ये. म्हणजे सरकारला खराटा सापडायला 44 वर्षं लागली! अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं त्यानंतर, 2005 मध्ये. सरकारला एवढी सवलत, मग आमच्या वडिलांना का नाही?

वडील बँकेतून निवृत्त झाले आणि एका सकाळी पुण्यातल्या आमच्या जिन्यात खरखर ऐकू आली. सेक्रेटरींना वाटलं, हा आपला निषेध आहे. वॉचमनला वाटलं, आपली नोकरी गेली. आईला वाटलं, ब्लडप्रेशरची नवी गोळी मानवली नाही. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं, कारण तिसऱ्या मजल्यावर माझे साहेब राहायचे. ''बाबा, आपण मेंटेनन्स भरतो ना?'' मी दबक्या आवाजात विचारलं. त्यांनी आबांचं वाक्य ऐकवलं, तेही वऱ्हाडी हेलासकट. हा हेल पुण्यात आल्यापासून त्यांनी कुणाला कळू दिला नव्हता.

वडिलांमागे तो खराटा गच्चीच्या दाराआड उभा राहिला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत असे. माझ्या अंगात कसली भक्तीही संचारली नाही. झालं एवढंच, की दिवाळीनंतर पार्किंगमध्ये फटाक्यांच्या कागदांचा खच पडला होता, झाडणाऱ्या मावशी गावी गेल्या होत्या आणि जबाबदारी नक्की कुणाची यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर घनघोर चर्चा चालली होती. एवढ्या वेळात अख्खं पार्किंग झाडून झालं असतं, असं मनात आलं. भानावर आलो तेव्हा अर्धं झालंही होतं. वारा पाठीशी घेऊन झाडायचं, नाहीतर केर तोंडावर येतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी येत होतं. तेवढ्यात बाल्कनीतून लेक ओरडली, ''बाबा, वर ये ना, लोक बघतायत!''

मी वाकल्या वाकल्या उत्तर दिलं. कोणतं, ते सांगायला नको. तिनं ऐकलं नाही, हेही सांगायला नको. घराण्याचा वेग पाहता 2050 च्या आसपास तिच्या हाती खराटा यायला हरकत नाही.

तोवर आपल्या सोसायटीत कुणी पार्किंग झाडताना दिसलं, तर कौतुक नको, फोटो तर अजिबात नको. आपली गाडी तेवढी जरा पुढे घ्या; चाकाखाली केर राहतो.