आज काहून नाही गेला?

चिंतामणी गणपतीच्या गाभाऱ्यात जायचं तर यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबात पायऱ्या उतराव्या लागतात. देव जमिनीच्या पातळीखाली आहे. सोमवारी किंवा मंगळवारी एखादा विशीतला पोरगा तिथं कठडा धरून, पाय आडवे टाकत, दात आवळून उतरताना दिसला तर समजायचं: रविवारी यानं आयुष्यात पहिल्यांदा दोनशे बैठका मारल्या.

मागून येणारी सत्तरीची आजी त्याच्याआधी खाली पोचते.

व्यायाम करावा की करू नये, हा वादच नाही. वजन उतरवावं, ताकद कमवावी, पोरापोरींनी भरतीला उतरावं, पन्नाशीच्या माणसानं सुटलेलं पोट आवरावं. सगळं मान्य. पण आठ दिवसांत स्वतःला मोडून घेण्याला आपण मेहनत का म्हणतो?

बैठका मारत असताना ताकद वाढत नाही. त्या वेळी स्नायू थकतात, त्यांचे तंतू बारीक-बारीक उसवतात, त्यांतला ऊर्जेचा साठा संपतो. मग माणूस जेवतो, झोपतो आणि शरीर ती उसवण शिवायला बसतं. शिवताना टाका आधीपेक्षा घट्ट घालतं. कसून ताण दिलेल्या स्नायूला या कामासाठी साधारण ४८ तास लागतात. आपण दुसऱ्याच दिवशी पहाटे तीच शिवण पुन्हा उसवतो.

आणि महिन्याभरानं विचारतो, फरक का पडत नाही?

आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होतं. सुश्रुत आणि वाग्भट दोघंही सांगतात की व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा. अर्धी शक्ती ओळखायची कशी, तेही सांगून ठेवलंय: कपाळाला, नाकाला, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली की थांबा. उन्हाळ्यात आणखी कमी करा. अति करणाऱ्याला वाग्भटानं हत्ती ओढायला निघालेल्या सिंहाची उपमा दिलीय. सिंह ताकदवान असतो, आणि तरी मरतो.

यवतमाळचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात जातो. त्या उन्हात सकाळी नऊ वाजता अंगात जाड जॅकेट घालून धावणारी पोरं मी पाहिली आहेत. घाम जास्त निघावा म्हणून.

घाम म्हणजे चरबी नव्हे. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. दोन तांबे पाणी प्यायलं की काटा पुन्हा जागेवर.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२४ ला, कुस्तीत विनेश फोगटचं काय झालं, ते सगळ्यांना आठवतं. ५० किलोचा गट, दिवसभरात तीन कुस्त्या जिंकलेल्या, आणि रात्रभर धावून, घाम काढून, केससुद्धा कापून सकाळी वजन भरलं ५० किलो १०० ग्रॅम, आणि ती बाद ठरली. जगातली अव्वल मल्ल, सोबत डॉक्टर आणि प्रशिक्षकांचा ताफा. तरीही शरीरानं शेवटचे १०० ग्रॅम सोडले नाहीत. आपण कुणाच्या भरवशावर आठ दिवसांत आठ किलो उतरवायला निघतो?

हिशेब सरळ आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर साडेतीनशेच्या आसपास खर्च होतात. परतताना स्टँडवर दोन आलुबोंडे आणि गोड चहा घेतला की जमाखर्च बरोबर. म्हणून वजन उतरतं ते मुख्यतः ताटात. महिन्याला दोन किलो, फार तर तीन, हा टिकणारा वेग. बाकी सगळ्या जाहिराती.

व्यायाम मग कशासाठी? उतरणारं वजन चरबीचं असावं, स्नायूंचं नसावं, यासाठी. उपाशी राहून नुसतं धावणारा माणूस बारीक होतो, पण कमजोरही होतो. तांदळाचं पोतं उचलताना त्याला ते कळतं.

आता भरतीच्या पोरांबद्दल. इथं मला थोडं थांबायचंय.

नागपूर-यवतमाळ रस्ता रुंद झाला आणि पहाटेचं मैदान झाला. पावणेपाचला अंधारात पोरं निघतात. पोरीही निघतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. १,६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर २० पैकी २०. म्हणजे चारशे मीटरची एकेक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. हा आकडा सोपा नाही. त्यामागे घरची दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, कापसाचा भाव आहे, बहिणीचं लग्न आहे. हे पोरगं हौसेनं धावत नाही.

म्हणूनच राग येतो तो त्याला चुकीचं शिकवणाऱ्यांचा.

सकाळी दहा किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा आठ. डांबरावर, झिजलेल्या बुटांत, चहा-बिस्किटावर. आठवड्याचे सातही दिवस. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखू लागते. पोरगं पट्टी बांधून धावतं. दुखणं हाडापर्यंत जातं, हाडाला बारीक चीर पडते, आणि ऐन भरतीच्या महिन्यात डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे धावायचं नाही. वर्ष गेलं. वय एकानं वाढलं.

सोळाशे मीटरची शर्यत रोज अठरा किलोमीटर धावून जिंकता येत नाही. आठवड्यातून दोन दिवस वेगाच्या फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती. दोन दिवस आरामात, सोबत्याशी बोलता येईल इतक्या गतीनं. दोन दिवस ताकदीचं काम. गोळा काही धावून लांब जात नाही. आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. वेग वाढतो तो असा. रोज मरणाचं धावणारा रोज तेवढ्याच वेळेत पोचतो.

कधी कधी पोचतही नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात तरुण कोसळले, काहींचे जीव गेले. त्यानंतर ते अंतर तीन किलोमीटरवर आणलं. झारखंडमध्ये २०२४ साली उत्पादन शुल्क शिपायाच्या भरतीत दहा किलोमीटर एका तासात धावायचे होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात दहाहून जास्त उमेदवार गेले. ती पोरं आळशी होती, असं कुणी म्हणू धजेल?

नियम बदलायला आधी माणसं मरावी लागतात, हे काही बरं नाही.

विश्रांतीची किंमत महाराष्ट्राला तरी सांगायची गरज नव्हती. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले. जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कांस्य आहे, त्यामागे या तीस मिनिटांचाही वाटा आहे.

खाशाबांना विश्रांती दुसऱ्यांनी नाकारली. आपण ती स्वतःच स्वतःला नाकारतो.

विदर्भाला तालमीची परंपरा नाही, असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. तालमीत वस्ताद असायचा. तो पोराचा चेहरा पाहून म्हणायचा, आज नुसती माती उकर, जोर नको. आता वस्ताद मोबाइलमध्ये आहे. तो तुमचा चेहरा पाहत नाही, तुम्ही त्याचा पाहता.

तो तर प्रोटीन पावडरचा डबाही विकतो.

या डब्याचा हिशेब मांडू. यवतमाळ जिल्हा सोयाबीन पिकवतो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि तोही बाजारात मिळेल याची खात्री नाही. बाप एक क्विंटल सोयाबीन विकतो. त्यात पस्तीस किलोच्या आसपास प्रथिनं असतात. पोरगं साधारण तेवढ्याच पैशांत दोन किलोचा प्रोटीन पावडरचा डबा आणतं. त्यात प्रथिनं दीड किलोच्या आसपास. पस्तीस किलो घरातून गेले, दीड किलो घरात आले.

आणि डबा खरा आहे की बनावट, हे कुणी तपासलं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितलंय की शरीर कमावण्यासाठी असले पूरक डबे टाळा. साध्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला सव्वा ते दीड ग्रॅम धरा. साठ किलोच्या पोराला नव्वद ग्रॅम म्हणजे खूप झाले. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीस, एका अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम सोयावडीत पंचवीस, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, वर दूध-दही आणि ज्वारीची भाकर. किराणा दुकानात हे सगळं मिळतं. सोयाबीनचे दाणे मात्र कच्चे खाऊ नका. ते पचत नाहीत.

ज्या गावात तूर शेतात उभी असते तिथं वरण पातळ आणि पावडर घट्ट, हे मला बघवत नाही.

बायकांबद्दलही एक सांगायचंय. डॉक्टर म्हणतात वजन वाढलंय, रोज चाला. बाई दिवसभर वाकून कापूस वेचते, घरी येऊन चूल पेटवते, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल हा आकडा ५४ टक्क्यांवर नेतो. या बाईला आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून द्या. चालणं नंतर.

तिचा थकवा हा आळस नाही. त्याला नाव आहे आणि औषधही आहे.

मग नेमकं करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा आणि किमान दोन दिवस ताकदीचा. आठवड्याला, दिवसाला नाही. रोज अर्धा तास झपझप चालणं आणि दोन-तीन दिवस जोर, बैठका, वजन. सुरुवात दहा-बारा बैठकांच्या तीन फेऱ्यांनी. शेवटी आणखी दोन मारता आल्या असत्या, असं वाटत असतानाच थांबायचं. पुढच्या आठवड्यात एखाद-दुसरी वाढवायची. पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा हलका घ्यायचा.

एवढंच? हो, एवढंच. सहा महिने.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. रोज ६४ असते आणि दोन-तीन दिवस ७२ लागतेय, झोप मोडतेय, चिडचिड वाढलीय, सर्दी हटत नाही, पोरीची पाळी चुकलीय, कालचीच बैठक आज जड जातेय, तर शरीर थांब म्हणतंय. लघवी काळपट, चहासारखी झाली तर मात्र घरी बसायचं नाही. स्नायू फुटून त्यांतलं प्रथिन मूत्रपिंडात उतरतं तेव्हा असं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि काट्यावर रोज उभं राहणं बंद करा. कमरेला महिन्यातून एकदा टेप लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर म्हणजे धोका. टेपला घाम आणि चरबी यांतला फरक कळतो.

चिंतामणीच्या कुंडातलं पाणी दर बारा वर्षांनी आपसूक चढतं आणि देवाच्या पायाला लागतं, अशी कळंबची श्रद्धा आहे. त्या पाण्यासाठी कुणी मोटर लावत नाही. वाट पाहतात. जे गाव बारा वर्षं थांबू शकतं, त्या गावातल्या पोराला शरीरासाठी सहा महिने थांबू द्यायला घरचेच का तयार नाहीत?

कारण एक वाक्य घराघरात ऐकू येतं. पोरगं आठवड्यातून एक दिवस सातपर्यंत झोपलं की बाप ओट्यावरून आवाज टाकतो, "काहून बे, आज नाही गेला?" शेजारीही विचारतात. पोरगं शरमेनं बूट घालतं आणि दुखऱ्या नडगीवर पुन्हा रस्त्याला लागतं.

माझी विनंती त्या बापाला आहे. भाऊ, तो प्रश्न विचारू नका. त्या दिवशी त्याला झोपू द्या, आणि उठल्यावर ताटात घट्ट वरण वाढायला सांगा.